थेरपीला पहिल्यांदा जाताना: जिन्यात आठवतं ते खोलीत सांगा

पहिल्या सेशनला मी ५० मिनिटं झोपेबद्दल बोलले. किती वाजता पडते, किती वाजता जाग येते, मग छताकडे बघत कशी पडून राहते. थेरपिस्ट मॅडम ऐकत होत्या, मधूनच काहीतरी लिहून घेत होत्या. वेळ संपली, पुढची तारीख ठरली, मी बाहेर पडले. जिना उतरताना दुसऱ्या वळणावर माझे पाय थांबले. ज्यासाठी आले होते ते मी सांगितलंच नव्हतं.

त्याच्या आठवडाभर आधी मी टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला होता. सेल निघून कपाटाखाली घरंगळत गेले. मुलाला काही लागलं नाही, रिमोट त्याच्या दिशेने गेलाही नव्हता. पण मी वळून बघितलं तेव्हा माझ्या १४ वर्षांच्या मुलाने दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले होते. ते हात डोळ्यांसमोरून जात नव्हते, म्हणून झोप येत नव्हती. आणि मी तासभर झोपेचं वेळापत्रक सांगून आले होते.

पुढे दीड वर्ष मी एकटीने थेरपी घेतली. त्यातले शेवटचे काही महिने आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई, फॅमिली थेरपीलाही जात होतो. आता ओळखीत कुणी सुरू करणार असलं की मला विचारतं, तिथे नेमकं होतं काय. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी थेरपिस्ट नाही. खुर्चीच्या या बाजूला बसून जे कळलं तेवढं सांगते.

जाण्याआधी

कुणाकडे जायचं, इथेच बरेच जण अडकतात. सायकियाट्रिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर. ते निदान करतात, गोळ्या लिहून देतात, काही जण थेरपीही करतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले असतात. ते चाचण्या घेतात, थेरपी करतात, गोळ्या मात्र बहुतेक ठिकाणी देत नाहीत. समुपदेशकांचं शिक्षण फार वेगवेगळं असतं, त्यामुळे स्पष्ट विचारून घ्यावं. आणि फॅमिली थेरपिस्टने कुटुंबाबरोबर काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असतं. हे वेगळेपण मी आधी हसण्यावारी नेलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

फोनवरच काही गोष्टी विचारा. तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, माझ्यासारखी अडचण घेऊन आलेल्यांबरोबर काम केलंय का, कुठल्या पद्धतीने काम करता, सेशन किती वेळाचं, ऐन वेळी रद्द झालं तर पैसे द्यावे लागतात का, दोन सेशनच्या मध्ये संपर्क करायचा झाला तर चालतं का. हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण ज्यांना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्यासमोर तुम्ही आयुष्यातल्या अवघड गोष्टी बोलू शकणार नाही, तेव्हा ते आधीच कळलेलं बरं.

शरीराची तपासणीही करून घ्या. थायरॉइड मंदावलं असेल, रक्त कमी असेल, बी-१२ची कमतरता असेल तर थकवा, उदासी, चिडचिड होऊ शकते आणि ती हुबेहूब मनाच्या आजारासारखी दिसते. मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. माझे रिपोर्ट ठीक आले, पण एक शंका मिटली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावंही लिहून न्या, आयुर्वेदिक असोत की झोपेच्या.

एक गोष्ट मात्र अपॉइंटमेंटसाठी थांबायची नाही. स्वतःला संपवण्याचे विचार जोरात येत असतील, कसं करायचं हेही डोक्यात ठरत असेल, तर पुढच्या गुरुवारची वाट बघू नका. जवळच्या माणसाला आत्ता सांगा, एकटं राहू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

पहिलं सेशन

पहिल्या भेटीत फार मोठं काही घडत नाही, आणि घडायला हवं असंही नाही. ही भेट मुख्यतः माहितीची. घरात कोण कोण, शिक्षण, काम, आजारपणं, घराण्यात कुणाला मानसिक त्रास होता का, दारूचं प्रमाण, आधी कुठे उपचार घेतलेत का, आणि आत्ताच का आलात. हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो. त्रास तर तीन वर्षं होता, मग याच आठवड्यात फोन का केला? माझं खरं उत्तर होतं रिमोट. मी म्हणाले, मैत्रिणीने सुचवलं.

सही करण्याआधी संमतीपत्र वाचा. त्यात गोपनीयतेबद्दल लिहिलेलं असतं, आणि गोपनीयता कुठे संपते तेही. तुम्ही बोललेलं थेरपिस्ट बाहेर सांगत नाहीत. पण तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा न्यायालयाने माहिती मागवली, तर सांगावं लागू शकतं. नेमके नियम प्रत्येक देशाच्या कायद्याप्रमाणे बदलतात. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर सांगायचं, या नियमामागे एक खटला आहे. अमेरिकेत एका तरुणाने आपल्या थेरपिस्टला सांगितलं होतं की मी अमुक मुलीला मारणार आहे, आणि पुढे त्याने तिला खरंच मारलं. मुलीच्या आईवडिलांनी दाद मागितली. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्याची जबाबदारी थेरपिस्टवरही येते. तारासॉफ खटला म्हणून तो ओळखला जातो, आणि बऱ्याच ठिकाणचे नियम त्यानंतर बदलले. मी सही करताना विचारलं होतं, "मी मुलाशी कशी वागते ते सांगितलं तर तुम्ही कुठे कळवाल का?" विचारलं म्हणून नीट उत्तर मिळालं: काय सांगितलं तर काय करावं लागेल, आणि तशी वेळ आली तर आधी माझ्याशी बोलून. त्या उत्तरानंतर पुढचं बोलायला मला जागा मिळाली.

मग प्रश्नावल्या. बहुतेक ठिकाणी दोन छोट्या मिळतात. एक पीएचक्यू-९, नैराश्यासाठी, २००१ सालापासून वापरात असलेली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला असे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दुसरी जीएडी-७, चिंतेसाठी, २००६ सालची, ७ प्रश्न, एकूण २१. आकडा म्हणजे निदान नव्हे. १० किंवा जास्त आले तर नीट चौकशी करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. खरा उपयोग पुढे होतो, दोन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की आपण कुठून कुठे आलो ते दिसतं. म्हणून खरं भरा. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. मी तिथे शून्यावर खूण केली. खरं उत्तर १ होतं, "काही दिवस". चौथ्या सेशनला मी ते दुरुस्त केलं. मॅडम दचकल्या नाहीत, मला लगेच कुठे पाठवून दिलं नाही. त्यांनी शांतपणे विचारलं: विचार कसा येतो, किती वेळ राहतो, काही करण्याचं मनात येतं का, काय केल्याने तो जातो. या विषयावर विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट विचारल्यावर मला सुटल्यासारखं झालं.

पुढचे काही आठवडे

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदा. दिवस आणि वेळ शक्यतो तीच ठेवा. सेशननंतर लगेच मीटिंग किंवा घरचं मोठं काम लावू नका. मी दोनदा तशी धावत गेले आणि रात्री घरच्यांवर खेकसले. नंतर अर्धा तास मोकळा ठेवायला लागले, बाहेर बाकावर नुसती बसायचे. पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखाही वाटतो. वर्षानुवर्षं बंद ठेवलेलं उघडलं की असं होतं. वाढलेला त्रास आठवडे सरले तरी उतरत नसेल तर मात्र ते सांगायला हवं.

थेरपिस्ट "काय करा" ते सांगतील अशी अपेक्षा बहुतेकांची असते. नवऱ्याने मला पहिल्या दिवशी विचारलं, "मग काय सांगितलं त्यांनी?" काहीच सांगितलं नव्हतं. त्या विचारत होत्या. आणि शांतता असायची, कधी कधी मिनिटभराची, जी मला सुरुवातीला असह्य व्हायची. मी काहीतरी बोलून ती भरून काढायचे. नंतर कळलं, तिथे घाई नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ध्येय ठरतं. मी म्हणाले, मला शांत व्हायचंय. मॅडम म्हणाल्या, "शांत झालात हे घरातल्या कुणाला कशावरून कळेल?" त्यावर आम्ही अर्धं सेशन घालवलं आणि शेवटी जे लिहिलं ते असं: राग चढतोय हे हात गरम होताना ओळखायचं, आणि काही फेकायच्या आत खोलीतून बाहेर पडायचं, तेही "१० मिनिटांत येते" असं सांगून. असं ध्येय मोजता येतं. "पॉझिटिव्ह व्हायचंय" हे मोजता येत नाही.

पद्धती अनेक. माझ्याबरोबर बहुतेक सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी वापरली, जी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडायला सुरुवात केली. प्रसंगापेक्षा प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ आपल्या भावनांना जास्त ढकलतो, हा तिचा गाभा. गृहपाठ म्हणून वहीत रकाने आखायचे: काय घडलं, तेव्हा मनात काय आलं, किती जोरात, ० ते १००, त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, आणि मग दुसरा कुठला अर्थ निघतो. माझी एक नोंद देते. घडलं: मुलाने हाक मारल्यावर उत्तर दिलं नाही. मनात आलं: मला कुणी मोजत नाही. राग: ८५. विरुद्ध पुरावा: त्याच्या कानात हेडफोन होते. दुसरा अर्थ: ऐकू गेलं नसावं. राग: ४०. वाचायला किरकोळ वाटेल. पण ८५चा ४० होणं म्हणजे रिमोट हातात राहणं.

काही थेरपिस्ट बालपणाकडे आणि जुन्या नात्यांकडे जातात. काही जण भीतीच्या गोष्टीला पायरी पायरीने सामोरं जायला लावतात. काही बहुतेक ऐकतात, आणि त्या ऐकण्यातून माणूस स्वतः वाट काढतो, जसं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी मांडलं. तुमच्या थेरपिस्टला विचारा, तुम्ही जे करताय ते का करताय. गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच काय ते ठरवा.

किती दिवस लागतील? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा आठव्या सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येईल अशी सुधारणा दिसली, आणि २६व्या सेशनपर्यंत साधारण तीन चतुर्थांश लोकांत. म्हणजे दोन भेटींत काहीच वाटलं नाही म्हणून सोडून देणं घाईचं आहे, आणि आठ-दहा भेटींनंतरही तसूभर फरक नसेल तर "आपण काय बदलूया?" हे विचारणं रास्त आहे.

जिना

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते.

त्या पहिल्या दिवशी जिन्यात थांबल्यावर मी पर्समधली एक पावती काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: रिमोट. डोक्यावरचे हात. पुढच्या आठवड्यात खुर्चीत बसताच मी ती पावती वाचून दाखवली. आवाज थरथरत होता. "गेल्या वेळी जिन्यात आठवलं ते हे आहे," असं म्हणूनच सुरुवात केली. मॅडमनी वही बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "इथून सुरू करू." पुढे त्यांनी सांगितलं की बरेच जण खरी गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांत, उठता उठता, दाराशी पोचल्यावर सांगतात. तेव्हा वेळ उरलेला नसतो, आणि तेवढ्यासाठीच ती तेव्हा सांगितली जाते.

तेव्हापासून माझी सवय झाली. बाहेर पडल्यावर जिन्यात, रस्त्यात, आंघोळ करताना जे आठवेल, "हे सांगायला हवं होतं" किंवा "बरं झालं हे सांगितलं नाही" असं जे जे वाटेल, ते एका ओळीत लिहायचं आणि पुढच्या वेळी सगळ्यात आधी वाचायचं. "बरं झालं सांगितलं नाही" वाले कागद जास्त कामाचे निघाले.

याच यादीत थेरपिस्टबद्दलची नाराजीही येते. सहाव्या सेशनला मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही किती सोसलंय." प्रेमानेच म्हणाल्या. मला ते झोंबलं. का, ते तेव्हा कळलं नाही. मी पुढचं सेशन कामाचं कारण देऊन रद्द केलं आणि मनात ठरवलं की आता जायचंच नाही. त्या आठवड्यात कागदावर एकच ओळ होती: मी सोसलंय हे ऐकायला आले नव्हते. त्यानंतरच्या आठवड्यात गेले आणि वाचून दाखवली. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. म्हणाल्या, "मी सांत्वनाची घाई केली. तुम्हाला तेव्हा काय ऐकायचं होतं?" मी म्हणाले, "ते चूक होतं, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते चूक होतं. मुलगा घाबरला." मी दहा मिनिटं रडले. माझ्यातला बदल मला त्या दिवसापासून मोजता येतो.

एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली लिहिलं की थेरपी चालते ती तीन गोष्टींवर: ध्येयाबद्दल एकमत, काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांतला विश्वासाचा धागा. धागा ताणला गेला आणि तिथल्या तिथे बोलून सांधला, तर काम पुढे जातं. न बोलता सोडून गेलं तर तो ताण आपण पुढच्या थेरपिस्टकडे घेऊन जातो.

मात्र सगळंच सांधायचं नसतं. थेरपिस्ट तुमच्याशी शारीरिक किंवा प्रेमाचे संबंध सुचवत असेल, धंद्यात ओढत असेल, "हे घरी सांगू नका" म्हणत असेल, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, बरं करण्याची हमी देत असेल, किंवा स्वतःची श्रद्धा तुमच्यावर लादत असेल, तर तिथे कागद वाचायला परत जाऊ नका. सोडा, आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे तक्रार करता येते हे लक्षात ठेवा.

घरच्यांसोबत

मुलगा आठवड्यातले दोन दिवस शाळेत जाईनासा झाला, घरात बोलेनासा झाला, तेव्हा फॅमिली थेरपीचा विषय निघाला. माझ्या थेरपिस्टनी आम्हा चौघांना स्वतःकडे घेतलं नाही. माझी बाजू त्यांनी वर्षभर ऐकली होती, इतरांना ते ठिकाण माझंच वाटलं असतं.

घरच्यांना तयार करताना मी आधी चूक केली. नवऱ्याला म्हणाले, "तुझ्यामुळे हे होतंय, तू चल." तो म्हणाला, "मला वेडा ठरवायला नेतेस का?" महिनाभराने वेगळं म्हणाले: "मला एकटीला जमत नाहीये. तू एकदा ये, आवडलं नाही तर पुन्हा विचारणार नाही." तो आला. सासूबाईंना मुलाने विचारलं, "आजी, तू पण ये ना." तेवढं पुरलं. कुणी आलंच नाही तर जे तयार आहेत त्यांच्यापासूनही सुरुवात करता येते. घरातल्या एकाचं वागणं बदललं की बाकीच्यांना जुन्या जागी उभं राहणं अवघड जातं.

आम्ही आधी गेलो ते एकेकट्या लोकांबरोबर काम करणाऱ्या एका समुपदेशकांकडे. ते माझ्या नवऱ्याशीच बोलत राहिले आणि शेवटी मुलाला म्हणाले, "आईबाबांना त्रास देऊ नकोस." मुलाने पुढचे चार दिवस दार लावून घेतलं. दुसऱ्या भेटीतही तेच झालं, मग आम्ही थांबलो. तेव्हा मला फॅमिली थेरपीचं वेगळं प्रशिक्षण म्हणजे काय ते समजलं. नंतर ज्या फॅमिली थेरपिस्ट सरांकडे गेलो त्यांनी पहिल्याच भेटीत चौघांना एकच प्रश्न विचारला, "तुमच्या मते अडचण काय आहे?" आणि सुरुवात मुलापासून केली. चौघांची चार वेगळी उत्तरं आली, आणि त्यांनी कुठलंच उत्तर खोडून काढलं नाही.

इथे मनाशी एक बदल करावा लागतो. आपण एका माणसाला "दुरुस्त" करायला घेऊन जातो. आमच्या मते तो मुलगा होता. फॅमिली थेरपीत नजर माणसांच्या मधल्या जागेवर असते: कोण बोललं की कोण गप्प होतं, कुणाचं भांडण कुणाच्या अंगावर जातं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरी बोवेन यांनी १९५०च्या दशकात कुटुंबांवर काम करताना दाखवलं की दोघांतला ताण वाढला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. आमच्या घरात मध्ये ओढलेला तो तिसरा म्हणजे आमचा मुलगा. हे ऐकताना नवऱ्याचा चेहरा उतरला, माझाही उतरला असणार.

दुसऱ्या भेटीत सरांनी फळ्यावर आमचा तीन पिढ्यांचा नकाशा काढला. त्याला जेनोग्राम म्हणतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली, भांडणाचं नातं असेल तर नागमोडी टोकदार रेघ, संबंध तुटले असतील तर मध्ये तोडलेली रेघ. जाण्याआधी घरातल्या मोठ्यांना नावं, सालं, आजारपणं विचारून ठेवा, उपयोग होतो. आमच्या फळ्यावर तीन पिढ्यांत पाच तुटलेल्या रेघा निघाल्या. सासूबाई एका रेघेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा माझा भाऊ. २२ वर्षं बोललो नाही." नवऱ्याला ते माहीत होतं, पण मुलाने प्रथमच ऐकलं. रागावलं की बोलणं बंद करायचं, हे त्याने कुठून उचललं ते समोर लिहिलेलं होतं.

प्रश्नही निराळे असतात. एकाच्या वागण्याबद्दल दुसऱ्याला विचारतात. इटलीत मिलान शहरातल्या मारा सेल्विनी पालाझ्झोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत मांडली. सरांनी मुलाला विचारलं, "आईबाबांचं वाजतं तेव्हा आजी काय करते?" तो म्हणाला, "टीव्हीचा आवाज वाढवते." सासूबाईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "त्याला ऐकू जाऊ नये म्हणून." त्याला वाटत होतं की आजीला काही पडलेलं नाही. मला वाटत होतं की सासूबाई माझा आवाज दाबायला टीव्ही मोठा करतात. सहा वर्षं तो टीव्ही वाजत होता आणि आम्ही कुणीच त्यांना विचारलं नव्हतं.

गुपितांबद्दल पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कुणी एकट्याने थेरपिस्टला फोन करून काही सांगितलं तर ते बाकीच्यांपासून लपवणार की नाही? आमच्या सरांचा नियम होता: एकट्याने सांगितलेलं ते लगेच उघड करणार नाहीत, पण सगळ्यांच्या कामाच्या आड येत असेल तर ते खोलीत आणायला सांगतील. काहींचा नियम वेगळा असतो. कुठलाही असो, आधी सगळ्यांना माहीत हवा. सज्ञान नसलेल्या मुलांबाबतही विचारा, की मूल एकटं बोलेल त्यातलं आईवडिलांना किती सांगणार.

आणि घरात मारहाण असेल, कुणी कुणाला घाबरून गप्प राहत असेल, तर एकत्र बसणं सुरक्षित नसू शकतं. खोलीत बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. म्हणून सरांनी सुरुवातीलाच प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं, "घरी कुणाची भीती वाटते का? इथे खरं बोललात तर घरी काय होईल?" मुलाने रिमोटबद्दल तेव्हा सांगितलं होतं. ही चौकशी न करताच तुम्हाला एकत्र बसवलं, आणि तुमच्या मनात भीती असेल, तर तुम्ही स्वतःहून एकट्याने बोलायची वेळ मागा.

जिन्याची गोष्ट इथे उलटी होते. चौघं एकत्र उतरतात आणि खोलीत गिळलेलं जिन्यातच बाहेर पडतं. पहिल्या भेटीनंतर आमचं गाडीत कडाक्याचं वाजलं, "तू तिथे असं का बोललास" यावरून. सरांनी नियम दिला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सेशनवर कुणी बोलायचं नाही. ज्याला राहवत नाही त्याने लिहायचं आणि पुढच्या वेळी आणायचं. चार जणांचे चार कागद. मुलाचा कागद तिसऱ्या भेटीत पहिल्यांदा आला. त्यावर लिहिलं होतं, "आई बाहेर जाते १० मिनिटं, तेव्हा ती परत येईल का ते मला कळत नाही." मी सांगून जात होते, पण सांगतानाचा माझा आवाज त्याला जाण्याचा वाटत होता. त्या दिवसापासून मी बाहेर न जाता गॅलरीत उभी राहते, दार उघडं ठेवून.

थांबताना

थेरपी एके दिवशी बंद करून टाकू नका. ठरवून संपवा. आमची आठवड्याची भेट आधी पंधरवड्यावर, मग महिन्यावर आली. मग एक शेवटची भेट ठरवून. सरांनी त्या भेटीत विचारलं, "परत यायची वेळ झाली हे कशावरून ओळखाल? प्रत्येकाने एक खूण सांगा." मी म्हणाले, सलग तीन रात्री झोप नाही. नवरा म्हणाला, मी ऑफिसातून उशिरा निघायला लागलो की. मुलगा म्हणाला, मी जेवायला बाहेर आलो नाही तर. सासूबाईंनी बराच वेळ घेतला.

"टीव्हीचा आवाज वाढला की," त्या म्हणाल्या.

चारही खुणा आम्ही एका कागदावर लिहिल्या. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.